पंधरा फुटी शटरला मोटर बसवताना

मोटर बघायला बाजारात जायच्या आधी शटरची एक पट्टी वजनकाट्यावर ठेवा. जुनी सुटी पट्टी पडलेली असेल तर ती, नसेल तर शटर ज्याने बनवलं त्या फॅब्रिकेटरकडून त्याच गेजचा (पत्र्याच्या जाडीचा) फूटभर तुकडा मागा आणि रुंदीने गुणा. शटरच्या मोटरी विकल्या जातात त्या किलोवर: ३००, ५००, ६००, ८००, १०००. आपलं शटर किती किलोचं हेच माहीत नसेल तर दुकानदार त्याच्याकडे शिल्लक असलेली मोटर गळ्यात बांधतो.

ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टेम्पो सहज आत जाईल अशा शेडचं शटर साधारण १५ फूट रुंद आणि १२ फूट उंच असतं. लेखात हाच आकार धरला आहे, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. १८ गेजच्या पत्र्याची, ७५ मिमी उंची झाकणारी १५ फुटी पट्टी पाच किलोच्या आसपास भरते. वळणांमुळे पत्रा जास्त लागतो, म्हणून नुसत्या क्षेत्रफळावरून काढलेलं वजन नेहमी कमी येतं. १२ फूट म्हणजे ३६६० मिमी, त्यात वर शाफ्टवर (शटर ज्यावर गुंडाळतं तो आडवा पाईप) गुंडाळलेली राहणारी फूटभर धरा. ५३ पट्ट्या होतात. ५३ गुणिले ५, म्हणजे २६५ किलो. बॉटमला, म्हणजे शटरच्या तळाच्या जड कडेला, ४० बाय ४० बाय ५ चे दोन अँगल पाठीला पाठ लावून असतील तर ते मीटरला ६ किलो, एकूण २७ किलो. शटर झालं २९२ किलोचं.

आता ३०० किलोची मोटर पुरेल असं वाटतं. ती पुरत नाही. गाईडमधलं (शटरच्या कडा ज्यात सरकतात त्या उभ्या खाचांमधलं) घर्षण, धूळ, किंचित वाकलेल्या पट्ट्या यांसाठी पंचवीस ते तीस टक्के वर धरावे लागतात, म्हणजे ३८० किलो. आणि याहून मोठी गोष्ट व्होल्टेजची. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० व्होल्टला जी मोटर पूर्ण जोर देते ती १८० व्होल्टला ६१ टक्केच देते. संध्याकाळी सगळीकडचे पंप सुरू असताना गावात १८० व्होल्ट ही नवलाची गोष्ट नाही. ५०० किलोची मोटर त्या वेळी ३०५ किलोची उरते, २९२ किलोचं शटर जेमतेम उचलते. ३०० किलोवाली १८३ ची होते, नुसती गुणगुणत उभी राहते आणि पाच-सात वेळा असं झालं की वाइंडिंग जळतं. म्हणून या शटरला ५०० च्या खालची मोटर घेऊ नये. मीटरवर थ्री फेज असेल तर थ्री फेजच घ्या. कपॅसिटर नाही, चालू होतानाचा झटका कमी, आयुष्य जास्त. शेवटचा निर्णय मात्र शेडवर संध्याकाळी सात वाजता मोजलेल्या व्होल्टेजवर करा, सकाळच्या नाही.

वजन कळलं, पुढचा प्रश्न शटरच्या जातीचा. हुडाचं (वरच्या गुंडाळीवरच्या पत्र्याच्या पेटीचं) झाकण काढून वर बघा. शटर हाताने वर ढकला आणि पाईपवर खडूने केलेल्या खुणेकडे लक्ष ठेवा. पाईप स्थिर राहिला आणि त्यावरच्या पुल्या फिरल्या, तर ते स्प्रिंगचं शटर. स्प्रिंगा पुल्यांच्या आत असतात आणि शटरचं बरंचसं वजन त्याच पेलतात. अशा शटरला सेंटर मोटर लागते. ती पाईपच्या मधोमध दोन अर्ध्या भागांत उघडून बसवतात, तिची बाहेरची कडी फिरते आणि पट्ट्या ओढते. तिला शटरचं पूर्ण वजन उचलायचं नसतं, स्प्रिंगांनी न पेललेलं तेवढंच. दुकानाच्या ८-१० फुटी शटरला ही उत्तम. पाईपचा बाहेरचा व्यास आणि पुलीचा व्यास मोजूनच मागवा. दीड इंची पाईप बाहेरून ४८ मिमी असतो, दोन इंची ६०. मोटर बहुधा ६० ची असते आणि बारीक पाईपसाठी मधे बुश घालतात. कडीचा व्यास आणि पुलीचा व्यास जुळला नाही तर शटर मधे लवकर आणि कडेला उशिरा गुंडाळलं जातं, आणि महिन्याभरात पट्ट्या तिरक्या होतात.

आपल्या १५ फुटी शटरला मात्र साईड मोटर. ती एका बाजूच्या ब्रॅकेटवर बसते, चेन आणि स्प्रॉकेटने (दातेरी चाकाने) अख्खा शाफ्ट फिरवते. इथे स्प्रिंगा नसतात, सगळं वजन मोटरवर आणि तिच्या ब्रेकवर. याचा अर्थ, जुनं शटर स्प्रिंगचं असेल तर नुसती मोटर विकत घेऊन भागत नाही. फिरणारा नवा शाफ्ट, दोन्ही टोकांना बेअरिंग, नवे ब्रॅकेट असं सगळं वरचं काम बदलतं. मोटरच्या किमतीएवढाच खर्च यावर होतो आणि कोटेशनमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो. पाईपच्या आत जाणारी ट्युब्युलर मोटर तिसरी जात, पण ती ॲल्युमिनियमच्या हलक्या शटरांसाठी. लोखंडी १५ फुटीसाठी तिचा विचार नको.

शाफ्टवर पैसे वाचवण्याचा मोह फार होतो. ३ इंची मध्यम जाडीचा पाईप हाताने उचलून बघितला तर दणकट वाटतो. पण १५ फुटांच्या गाळ्यात २९२ किलो टांगले की तो मधे सुमारे २३ मिमी झुकतो. ४ इंची, ४.५ मिमी जाडीचा पाईप त्याच ओझ्याखाली सुमारे १० मिमी. हा १३ मिमीचा फरक शटरच्या चालण्यात रोज दिसतो: झुकलेल्या शाफ्टवर पट्ट्या मधे सैल आणि कडेला ताणलेल्या राहतात, गुंडाळी एका बाजूला सरकते, पट्टीची टोकं गाईडला घासून किरकिरतात. मग लोक गाईडला ग्रीस फासतात, त्यावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत तिथे घासकागद तयार होतो. ४ इंचीच घ्या.

वर किती जागा लागेल तेही आधीच काढता येतं. ४ इंची पाईपवर १३ फूट पट्ट्या गुंडाळल्या की गुंडाळीचा व्यास सुमारे ३५ सेमी होतो. दोन-तीन सेमी मोकळी जागा सगळीकडून सोडली तर हूड ४० ते ४५ सेमीचा हवा. गाईडची खोली १५ फुटांसाठी ७५ मिमी ठेवा. ६५ मिमी साडेतीन मीटरपर्यंत ठीक. पट्टीच्या टोकांना एंड लॉक (पट्टीला गाईडमध्ये धरून ठेवणारे तुकडे) असलेच पाहिजेत. उघड्या माळावर किंवा समुद्राकडे तोंड असलेल्या शेडला आषाढातला वारा १५ फुटी शटर फुगवतो, आणि एंड लॉक नसतील तर पट्ट्या गाईडमधून सरळ बाहेर येतात.

भिंतीचं काय? शटर, शाफ्ट, मोटर, ब्रॅकेट मिळून चारशे किलोच्या घरात ओझं दोन ब्रॅकेटांवर येतं, आणि चालू-बंद होताना झटके वेगळे. आरसीसी कॉलम असेल तर १६ मिमीचे अँकर फास्टनर, प्रत्येक ब्रॅकेटला निदान चार. विटांच्या भिंतीत फास्टनर नको. भिंत आरपार भोकून मागे १० मिमीची प्लेट आणि नट-बोल्ट. कोकणात जांभ्याच्या चिऱ्याची भिंत असते, तिथे तर फास्टनरला हातच लावू नये. चिरा सच्छिद्र, फास्टनर फुगला की आतून भुगा होतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर हाताने हलतो. चिऱ्याच्या भिंतीला आरपार बोल्टही एकट्यावर भरवसा ठेवण्यासारखा नाही. जमिनीपासून ब्रॅकेटपर्यंत चॅनेलचा उभा खांब उभारा, ओझं खांबाने जमिनीत नेऊ द्या, भिंतीने फक्त खांबाला सरळ धरावं.

जुनं स्प्रिंगचं शटर उतरवायचं काम या सगळ्यात सर्वांत धोक्याचं, म्हणून जरा थांबून लिहितो. शटर खाली असताना स्प्रिंग सर्वांत जास्त ताणलेली असते. म्हणून आधी शटर पूर्ण वर घ्या आणि बॉटमच्या खाली दोन्ही गाईडांत बोल्ट किंवा सी-क्लॅम्प अडकवा. वर घेतल्यावरही स्प्रिंगेत बसवताना दिलेले दोन-तीन आटे शिल्लक असतात आणि ते पाईपच्या टोकाच्या एका क्लॅम्पने अडवून धरलेले असतात. तो क्लॅम्प सैल केला की पाईप सुटतो. म्हणून सैल करायच्या आधी पाईपवर मोठा, ३६ इंची पाईप पाना लावा, दांडा अशा दिशेला की सुटणारा पाईप पान्याला भिंतीवर किंवा ब्रॅकेटवर टेकवेल, माणसाकडे फेकणार नाही. दुसरा माणूस दुसरा पाना घेऊन पलीकडच्या घोडीवर. एकाने अर्धा फेरा सोडायचा, दुसऱ्याने पकडायचं, पहिल्याने पाना काढून परत मागे लावायचा. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला पाईपवर खडूची रेघ, म्हणजे किती सुटले ते कळतं. पाना हातात हलका लागायला लागला की ताण संपला. यात घाई म्हणजे मनगट गेलंच. आणि ग्राइंडरने पुली किंवा स्प्रिंग कापून 'लवकर मोकळं' करणारा कारागीर आला तर त्याला तिथेच थांबवा. ताणलेली स्प्रिंग कापली की तुकडा कुठल्या दिशेला जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

नवा शाफ्ट चढवताना दोन गोष्टी मोजायच्या. पातळी, पाण्याच्या नळीने, दोन टोकांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. आणि दोन्ही गाईड ओळंब्यात, वरचं अंतर आणि खालचं अंतर सारखं. साईड मोटर बसवल्यानंतर गाईड सरळ करायला जाणं म्हणजे सगळं परत उतरवणं. मोटरचं स्प्रॉकेट आणि शाफ्टचं स्प्रॉकेट एका रेषेत आहे का ते पाहायला दोन्हींच्या तोंडावर ताणलेली दोरी धरा. दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. चेन ताठ नको; मधे बोटाने दाबली तर १० ते १५ मिमी खाली जावी. ताठ चेन बेअरिंग खाते, फार सैल चेन दात चुकवते. पहिली पट्टी शाफ्टला दर दोन-अडीच फुटांवर बोल्टने पकडा, दोन टोकांनाच नाही.

मोटरच्या विरुद्ध टोकाला सेफ्टी ब्रेक लावा. शाफ्ट ठरावीक वेगापेक्षा जोरात फिरला की तो जागीच आवळतो. साईड मोटरच्या शटरला स्प्रिंगांचा आधार नसतो, त्यामुळे चेन तुटली किंवा स्प्रॉकेटचं वेल्डिंग निघालं तर २९२ किलो सरळ खाली येतात, आणि मोटरचा ब्रेक कितीही चांगला असला तरी चेनच्या पलीकडचं तो थांबवू शकत नाही. बहुतेक कोटेशनमध्ये हा नसतो. लहान मुलं शेडमध्ये खेळतात, गुरं आत बांधतात, ट्रॉली भरताना माणसं शटरखालून शंभर वेळा जा-ये करतात. रिमोट, वायफाय वगैरे मागाहून घ्या, हा आधी.

वायरिंगमध्ये फार काही नाही, पण जे आहे ते नीट हवं. मोटरला वेगळी लाईन, १.५ चौ. मिमी तांब्याची, अर्थिंगसह. सिंगल फेजला १० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच). लोखंडी शटर, ओली जमीन आणि उघडे पाय एकत्र येतात तिथे आरसीसीबीला पर्याय नाही. सिंगल फेज मोटरला वर आणि खाली अशा दोन तारा असतात. दोन्हींना एकाच वेळी वीज मिळता कामा नये. आतून एक आणि बाहेरून एक असे दोन साधे स्विच समांतर जोडले की कधीतरी आतला माणूस 'वर' आणि बाहेरचा 'खाली' दाबतोच. कंट्रोल बॉक्स घ्या, सगळ्या कळा त्यालाच जोडा. बॉक्समध्ये वायर शिरते त्या भोकांना ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) लावा. कंट्रोल बोर्ड जळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ऊबेला आत शिरलेली पाल.

थ्री फेजवाल्यांनी फेज उलटे झाले तर काय होतं ते समजून घ्यावं. लाईनवर दुरुस्ती झाली, दोन फेजा अदलाबदल होऊन आल्या. आता 'वर' दाबलं की शटर खाली जातं. तेवढंच असतं तर चाललं असतं, पण लिमिट स्विचही (शटर वर किंवा खाली शेवटाला पोचलं की मोटर थांबवणारे) दिशेप्रमाणे जोडलेले असतात: खाली जाताना वरचं लिमिट लागू असतं आणि खालचं नाही. शटर जमिनीला टेकतं, मोटर फिरतच राहते, शाफ्टवरून पट्ट्या सैल सुटतात आणि मग उलट्या बाजूने गुंडाळायला लागतात. हूड फाटतो, वरच्या पट्ट्या मोडतात. शेतातल्या पंपाला लावतात तसाच सिंगल फेज प्रिव्हेंटर इथे लावा, मात्र उलटा क्रम ओळखणारा. नुसता एक फेज गेल्यावर बंद करणारा पुरत नाही.

लिमिट लावताना शटर आधी अर्ध्यावर, छातीच्या उंचीवर ठेवा आणि एक-एक सेकंद कळ दाबून दिशा तपासा. दिशा चुकली असेल तर शेवटापर्यंत पोचायच्या आत ती दुरुस्त करायला जागा राहते. वरचं लिमिट असं की बॉटम गाईडच्या तोंडाच्या चार-सहा इंच खाली थांबेल. पूर्ण वर घेतलं आणि बॉटम गाईडमधून निसटला तर खाली येताना तो परत आत शिरेलच असं नाही. तरीही बॉटमला दोन्ही टोकांना अँगलचे स्टॉपर वेल्ड करून ठेवा, लिमिट बिघडलं तर तोच शेवटचा आधार. खालचं लिमिट बॉटम जमिनीला टेकला की लगेच. पट्ट्या एकमेकींवर बसाव्यात एवढंच. शाफ्टजवळची पट्टी सैल लोंबायला लागली तर अर्धा इंच आधी आणा. दहा वेळा वर-खाली केल्यावर चेन आणि पट्ट्या थोड्या बसतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी दोन्ही लिमिट परत तपासा. दहा वेळा लागोपाठ नको, सिंगल फेज मोटर तापून तिचा थर्मल कटआउट उघडतो आणि वीस-तीस मिनिटं ती हालत नाही. मोटर बिघडली म्हणून घाबरून तेव्हाच मेकॅनिकला फोन जातो.

जुनी कुलपं काढा. साईडचे कडी-बोल्ट किंवा मधलं लॉक लागलेलं असताना कोणीतरी रिमोट दाबतो, मोटर ओढते, बॉटम धनुष्यासारखा वाकतो. साईड मोटरचा ब्रेक शटर बाहेरून उचलू देत नाही, त्यामुळे रोजच्याला वेगळ्या कुलपाची गरज नसते. बरेच दिवस बाहेर जाताना कुलूप हवंच असेल तर कडीमागे मायक्रोस्विच बसवून घ्या, कडी सरकवलेली असताना मोटरची वीज तुटेल असा.

रिमोट रोलिंग कोडचाच (दर वेळी कोड बदलणारा) घ्या. ठरावीक कोडचा रिमोट कोणताही किल्ली बनवणारा पाच मिनिटांत कॉपी करतो. शटर नजरेसमोर नसताना रिमोटने खाली आणायचं असेल तर फोटोसेल (किरण अडला की शटर थांबवणारा) हवा, जमिनीपासून फूटभर उंचीवर. ट्रॅक्टरच्या बाबतीत एक अडचण असते: ट्रॅक्टर आत गेलेला असतो, ट्रॉलीची जोडणारी दांडी मधे असते, आणि किरण दांडीच्या खालून निघून जातो. तिथे दुसरी जोडी दांडीच्या उंचीवर लावा, किंवा खाली आणण्यासाठी कळ दाबून धरावी लागेल अशी सेटिंग ठेवा. कळ सोडली की शटर थांबतं, आणि दाबणारा माणूस समोर उभा असावाच लागतो.

वीज गेल्यावर साईड मोटरला हाताची चेन असते, तिने वर घेता येतं. खाली आणायला ब्रेक सोडायची दोरी. ती दोरी थोडी-थोडी ओढून सोडायची, एकदम ओढून धरली की शटर वेग घेतं. घरच्या इन्व्हर्टरवर मोटर चालवायची असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा आणि चालू होताना मोटर नेहमीच्या चार ते सहा पट करंट ओढते हे धरून घेतलेला हवा. स्क्वेअर वेव्हवर मोटर गुरगुरते आणि तापते. शेडला दुसरा दरवाजा नसेल तर चेन आणि दोरी दोन्ही आतच अडकतात. भिंतीत छोटी कुलपाची पेटी बसवून दोरीचं आणि चेनचं टोक तिथून बाहेर घेता येतं, पण ते मोटर बसवतानाच. पेटीची किल्ली शेडच्या आत टांगू नका.

मृगाच्या आधी एक दिवस द्या. चेनला तेल, गाईडला कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे, ग्रीस नाही. स्प्रॉकेटच्या वेल्डिंगवर बारीक रेघ दिसते का ते टॉर्चने पाहा, ब्रॅकेटचे नट पान्याने आवळा, फोटोसेलच्या काचेवरचं कोळिष्टक पुसा. हुडात गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर ते आधी संध्याकाळी काढा. घोडीवर उभं राहून त्यांच्यापासून पळता येत नाही.